भुईला न लागलेले पाय

लेकराचा तळपाय तुम्ही कधी हातात घेऊन नीट पाहिलाय का? तेल लावताना, न्हाऊ घालताना पाहिला असेल, पण ते पाहणं वेगळं. माझं सगळं आयुष्य अंगणवाडीत गेलं, त्यामुळे गावातल्या एकेका घराचे तळपाय माझ्या ओळखीचे. वर्षाच्या लेकराचा तळपाय कसा असतो, सांगू? टाचेत मळ बसलेला, अंगठ्याच्या कडेला कातडी थोडी जाड झालेली, गुडघ्याच्या खाली कुठंतरी खरचटलेलं, आणि बोटांच्या बेचक्यांत कालच्या भाताचं एखादं शीत वाळून बसलेलं. कितीही धुवा, तो पाय पुरता धुतला जात नाही.

तर एकदा माझ्या हातात अशा एका लेकराचा पाय आला की ज्याला वर्ष उलटून गेलं होतं, आणि तळपाय होता काल जन्मलेल्या बाळाचा. म्हणजे आकारानं मोठा, पण कातडी तशीच. मऊ, गुलाबी, कुठं रेघ नाही की डाग नाही. मी हात मागे घेतला. चटका बसल्यावर घेतो ना, तसा.

आता मी निवृत्त होऊन घरी बसले आहे. दिवाळीच्या अंकासाठी अंगणवाडीच्या नोकरीबद्दल लिहा, असं संपादकांनी सांगितल्यावर लोकांना वाटलं मी खिचडीबद्दल लिहीन. अंगणवाडी म्हणजे खिचडी, एवढंच लोकांच्या डोक्यात. मी फारशी शिकलेली नाही, बाईमाणसाला त्या काळी गावात जेवढं शिकवत तेवढंच. बाकी जे आलं ते लेकरं बघून आलं, थोडं प्रशिक्षणात आलं, थोडं डॉक्टरांनी रागावून सांगितलं म्हणून आलं. तेव्हा बोलते तसंच लिहिते, सांभाळून घ्या.

आमचं गाव चामोर्शी तालुक्यातलं, वैनगंगेच्या काठाला. एका अंगाला धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, दुसऱ्या अंगाला जंगल, आणि नदीकडच्या उतारावर मासेमारी करणाऱ्यांची वस्ती. आमचं काम काय, तर सहा वर्षांपर्यंतच्या लेकरांना खाऊ घालणं, त्यांची वजनं घेणं, गरोदर बाईची विचारपूस, लस टोचायच्या दिवशी गावभर फिरून लेकरं गोळा करणं. आणि घरभेटी. ही घरभेट नावाची गोष्ट बाहेरच्यांना साधी वाटते. चहा प्यायचा, दोन गोष्टी सांगायच्या, निघायचं. पण अंगणवाडीच्या खोलीत लेकरू कळत नाही, ते घरात कळतं. घरात ते कुठं बसतं, कोणाच्या तोंडाकडे बघतं, त्याच्याशी कोण बोलतं, त्यानं हात पुढे केला तर हाताला काय लागतं, हे सगळं त्याचं खाणंच आहे. ताटातलं वेगळं, आणि हे वेगळं.

माझी बहीण चामोर्शीला राहते. तिच्या शेजारी रेहानाभाभीचं घर. नवरा-बायको दोघं शिलाईकाम करतात. एकच खोली, दोन मशिनी, सगळीकडे चिंध्या. आत गेलं की तुम्ही म्हणाल, अरे बापरे, या पसाऱ्यात लेकरू! आणि ते लेकरू कुठं, तर भाभीच्या मशीनच्या बाजूला फरशीवर, पुढ्यात रिकाम्या रिळांचा ढीग. भाभी मशीन चालवता चालवता त्याच्याशी बोलत राहायची. "देख, अब कॉलर लगा रई मैं. अब्बा का कुर्ता है ये. तेरे को भी सिलाऊँ? बोल!" आणि ते दात न आलेलं पोर एक रीळ आपटून उत्तर द्यायचं. ते पोर वेळेआधी रांगलं, वेळेआधी बोललं, आणि आईला कैचीसकट नाचवू लागलं. मी भाभीला म्हटलं, तुमचं घर म्हणजे शाळाच आहे. ती म्हणे, "काहे की शाला बाई, झाड़ू मारने को टाइम नई मिलता."

उलट आमच्या गावात रमेशचं घर. नदीकडच्या वस्तीत सगळ्यात नेटकं. सारवलेलं अंगण, भिंतीला टांगलेली जाळी, माशाचा वास सुद्धा येऊ नये असं घासलेलं सगळं. रमेश डोंगा घेऊन नदीवर जायचा, त्याची बायको वनिता धान रोवायला जायची, आणि घर सांभाळायची रमेशची आई मैनाबाई. मैनाबाई म्हणजे वस्तीतली वजनदार बाई. तिनं डोळे वटारले तर बाजारात मासे घेणारा भाव करणं सोडायचा.

त्या घरात मारकंडी नावाचं पोर. मी घरभेटीला जायची तेव्हा ते नेहमी कोणाच्या ना कोणाच्या अंगावर. कधी आजीच्या मांडीवर, कधी आईच्या कमरेवर, रमेश नदीवरून आला की त्याच्या खांद्यावर. नाहीतर आढ्याला बांधलेल्या झोळीत. मला किती बरं वाटायचं म्हणून सांगू. एवढी माया! वजनही छान. वजन घ्यायची आमची पद्धत अशी की काट्याला झोळी लटकवायची आणि त्यात लेकरू ठेवायचं. तिथंही तो झोळीतच. काटा झकास दाखवायचा, मी खूश, मैनाबाई खूश. वजन चांगलं म्हणजे लेकरू चांगलं, हेच आमच्या धंद्यात वर्षानुवर्षं चाललेलं.

मग दसऱ्याच्या सुमारास मी गावातल्या आयांना अंगणवाडीत बोलावलं. मोठी सतरंजी घातली, वर भांडी, डबे, खुळखुळे टाकले, आणि म्हटलं, आपापली लेकरं सोडा मधे. नुसतं बघायचं, कोण काय करतं. लहानग्यांचा खेळ आणि आयांची करमणूक. लेकरं सुटली. एक झाकण चाटू लागलं, एक डब्यात डोकं घालून बसलं. वनिताच्या शेजारणीची, पुष्पाची, पोरगी चिमी तर सरळ रांगत दाराबाहेर. पुष्पा ओरडली, "पकडा वो तिले, चालली बाजारात!" सगळ्या हसल्या.

वनिता मात्र कडेला उभी. मारकंडी कमरेवर.

"सोड नं त्याले," मी म्हटलं.

"राहू द्या बाई. झोप आली त्याले."

झोप कसली, टक्क डोळे. मी हसत हसत त्याला तिच्याकडून घेतलं आणि सतरंजीवर उभं करायला गेले. पाय टेकायच्या आधीच त्यानं दोन्ही पाय पोटाशी ओढले. कोंबडीचं पिल्लू हातात घेतल्यावर आखडतं ना, अगदी तसे. मी म्हटलं, लाजतंय. हळूच टेकवलं. आणि ते लेकरू असं किंचाळलं, जसं काही निखाऱ्यावर ठेवलं. मी इतकी लेकरं रडताना ऐकली, पण ते रडणं नव्हतं. आणि त्याच्याहून मोठ्यानं वनिता किंचाळली. झडप घालून पोर ओढून घेतलं आणि पदराखाली त्याचे पाय झाकले. पाय! तोंड नाही, डोकं नाही, पाय.

मी तिच्याजवळ गेले, पदर बाजूला केला, आणि तो तळपाय हातात घेतला. पुढचं वर सांगितलंच.

माझ्या मनात पहिलं काय आलं, तर आजार. नसांचं काही, नाहीतर खुब्याचं. आणि मग एकेक गोष्ट आठवू लागली. हा पोरगा कधी कशासाठी हात पुढे करत नव्हता. कधी बोट दाखवत नव्हता. बा नाही, दा नाही, मम नाही. रडायचाही कमी. गुणाचं लेकरू, गुणाचं लेकरू, म्हणून मीच त्याला मिरवायची. मी त्याच संध्याकाळी मैनाबाईला सांगितलं, उद्या तालुक्याच्या दवाखान्यात जायचं. सकाळी ती वनिताला आणि पोराला घेऊन तयार उभी होती.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी घाई केली नाही. पोराला गुदगुल्या केल्या, गुडघ्यावर टिचकी मारली, मांड्या फिरवून पाहिल्या, कानामागे टाळी वाजवली, डोळ्यांसमोर किल्ल्या हलवल्या. मग तळपाय पाहिला, आणि त्याही माझ्यासारख्याच थांबल्या.

"हाडं चांगली आहेत," त्या म्हणाल्या. "नसांमध्ये मला काही दोष दिसत नाही. कान, डोळे छान. आई, एक सांगा, घरी याला खाली कुठं ठेवता?"

वनितानं मान खाली घातली.

"म्हणजे ओसरीत, अंगणात? खाली ठेवता ना?"

मैनाबाई म्हणाली, "आमच्या घरी लेकरू खाली ठेवत नाई जी."

डॉक्टरीणबाईंना वाटलं ऐकण्यात चूक झाली. "कधी?"

"कधीच नाई. जन्मल्यापासून."

या घरात मी किती वेळा चहा प्यायले होते! वर्षभरात त्या पोराचा पाय एकदाही भुईला लागला नव्हता. आंघोळ आजीच्या पायांवर, जेवण मांडीवर, झोप झोळीत, आणि मधला सगळा वेळ या हातातून त्या हातात. त्या घरात पाणी ओढायला एखादे वेळी हात रिकामा नसेल, पण पोर घ्यायला एक हात नेहमी रिकामा. मी त्याला माया म्हणत होते. होती मायाच. तेच तर भयंकर होतं.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. पोराला मांडीवर घेऊन समजावलं. लेकरू पालथं पडतं तेव्हा मान उचलून उचलून मानेला जोर येतो. हातानं भुई ढकलतं तेव्हा खांदे तयार होतात. टाच टेकते तेव्हा मांडीला कळतं की अंग तोलायचं आहे. लांबची वस्तू दिसते, ती हवीशी वाटते, तिच्यापर्यंत जायचं असतं, जाता आलं नाही की ओरडायचं असतं, आणि त्या ओरडण्यातूनच बोलणं येतं. "याला काही मागावंच लागलं नाही," त्या म्हणाल्या. "मागायच्या आधीच सगळं मिळालं. याला आजार नाही, याला जमीन मिळाली नाही. अजून वेळ आहे. पण आता वाट बघू नका. आजपासून खाली ठेवा."

"शिवरात्रीले ठेवू," मैनाबाई म्हणाली, आणि उठली.

शिवरात्र! दिवाळी सुद्धा अजून व्हायची होती.

गावी परतल्यावर मी रमेशच्या ओसरीत ठाण मांडलं. म्हटलं, आता सगळं सांगितल्याशिवाय मी उठत नाही. रमेश जाळं विणत बसला होता, त्यानं सुई खाली ठेवली.

मारकंडीच्या आधी त्यांना एक पोरगी होती, हे मला माहीत होतं. रांगायला लागली आणि पावसाळ्यात गेली, ताप आला असं गावात बोललं गेलं होतं. मी तेव्हा पायाच्या दुखण्यानं रजेवर होते. ताप नव्हता. मण्यार होती. पोर दुपारी ओसरीत चटईवर झोपलेलं, आई बाजूला तांदूळ निवडत. मण्यारीचा दात एवढा बारीक की डाग सुद्धा दिसत नाही. लेकरू रडलं नाही, सुजलं नाही. नुसतं उठलं नाही.

"मी बाजूले होतो बाई," वनिता म्हणाली. "हात पुरन एवढ्या अंतरावर. मले काई दिसलं नाई."

साप चावला असं सांगितलं तर लोक विचारतील, तू कुठं होतीस? म्हणून मैनाबाईनंच ताप सांगितला होता. सुनेसाठी. मला ते आत्ता कळत होतं.

आणि मग मारकंडी पोटात आला तेव्हा मैनाबाईनं नवस बोलला. आमच्या इथून मार्कंडा फार लांब नाही. नदीच्या काठावर महादेवाचं जुनं काळं दगडी देऊळ. कमी आयुष्य घेऊन जन्मलेला मार्कंडेय पिंडीला मिठी मारून बसला आणि यमाला रिकाम्या हातानं परत जावं लागलं, ती ही जागा, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. लेकरू गेलेल्या घरानं दुसऱ्या कोणत्या देवाकडे जावं? मैनाबाई बोलून बसली की या लेकराचा पाय पहिल्यांदा लागेल तो मार्कंड्याच्या भुईलाच, शिवरात्रीच्या जत्रेत. त्याच्या आधी दुसऱ्या कोणत्याही भुईला नाही.

पोळ्याच्या सुमाराला पोर झालं. शिवरात्र आली तेव्हा ते सहा महिन्यांचं. तेव्हा नवस फिटला असता तर काहीच बिघडलं नसतं. पण जत्रेच्या तोंडावर मैनाबाईचा नवरा गेला. घरात सुतक. त्या वर्षी देवाला जायचं नाही, सण नाही, जत्रा नाही. नवस एका वर्षानं पुढे गेला. आणि त्याच्यासोबत लेकराचं रांगणंही.

यात चूक कोणाची म्हणायची, सांगा. एकही माणूस वाईट नाही. एकही माणूस आळशी नाही. या पोरासाठी त्या घरातल्या कोणाचीच पाठ वर्षभर सरळ झाली नव्हती.

तरी मी बोलायचं ते बोलले. देव रागावणार नाही, देवाला लेकरू चालतं-बोलतं हवं असेल, असं काहीबाही. मैनाबाईनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाई, तुमी एक तरी लेकरू पुरलं का?"

मी म्हटलं, "नाही."

"मंग देव रागावन का नाई रागावन, थे तुमी मले नोका सांगू."

मी उठले. उठताना झोळीत पाहिलं. मारकंडी माझ्याकडे बघत होता. हसला. हात मात्र पुढे केला नाही.

पुढचे काही दिवस मी रोज जात होते. नवसाचं नाव काढायचं नाही, असं ठरवलं. म्हटलं, मण्यार तर खरी आहे ना, तिच्याबद्दल बोलू. अंगणातला सरपणाचा ढीग घरापासून लांब हलवला. भिंतीची बिळं बुजवली. उंच बाज आणि मच्छरदाणी, तिच्या कडा गादीखाली खोचायच्या, हे वनिताला दाखवलं. भुईवर झोपायचं कोणीच नाही, मोठ्यांनीही नाही. वनिता हे सगळं भक्तीनं करायची. दिवसातून पाच-सहा वेळा काठीनं कोपरे झाडायची. पण पोर खाली? नाही.

एक दिवस मी जरा चिडूनच म्हटलं, "शिवरात्रीपर्यंत याचे पाय पायच राहतील का, झोळीची दोरी होतील?"

वनिता रडू लागली. मैनाबाई माझ्यावर उखडणार तेवढ्यात रमेश बोलला. तो बोलतच नसे, म्हणून सगळे त्याच्याकडे वळलो.

"नवस कशाचा व्हय, आई? जत्रेचा का भुईचा?"

"भुईचा," मैनाबाई म्हणाली. "मार्कंड्याच्या भुईचा."

"मंग भुईच घेऊन येतो नं मी. आपण नाई जाऊ शकत देवाच्या अंगणात, तं त्याची रेती आणतो इथी. डोंगा आहेच."

मैनाबाईनं सुनेकडे पाहिलं. मग म्हणाली, "येताना चुंगड्या पाण्यात नोको बुडवू. वाळलेली आण."

दोन दिवसांनी रमेशनं रेतीनं भरलेल्या चुंगड्या, म्हणजे आपली पोती, अंगणात रिकाम्या केल्या. मैनाबाईनं रेती चाळली, उन्हात दिली, हळदकुंकू वाहिलं, चारी बाजूंना विटा लावल्या. देवघर सजवावं तसं तिनं ते सजवलं. भाभीकडून मी रिकाम्या रिळांची पिशवी आणली होती, ती मधे ओतली. वस्तीतल्या बाया येऊन उभ्या राहिल्या. पुष्पा तिच्या चिमीला घेऊन आलेली. चिमीनं कसली पूजा आणि कसलं काय, ती सरळ रेतीत घुसली आणि रिळं उडवू लागली.

"अव माय, हिले काढा, देवाची रेती व्हय!" पुष्पा म्हणाली.

"राहू दे," मैनाबाई म्हणाली. "देवाले पोट्ट्यांची सवय हाये."

मग वनिता रेतीत बसली. मारकंडीला मांडीवर घेऊन. आणि तिथंच थांबली. तिचे दोन्ही हात त्याच्या पोटावर गुंफलेले, बोटं पांढरी पडलेली. नवसाची अडचण संपली होती, देव राजी, सासू राजी. पण ते हात सुटेनात. मी जवळ बसून म्हटलं, "वनिता, मी आहे इथं. काठी घेऊन बसले आहे."

"माह्या हातानं होत नाई बाई," ती म्हणाली. "ठेवतो म्हणतो, होत नाई."

कोणी जबरदस्ती केली नाही.

इतक्यात चिमीनं एक लाल रीळ उचललं, मारकंडीच्या नाकासमोर नाचवलं आणि मागे पळवलं. पुन्हा आणलं, पुन्हा पळवलं. आणि खिदळली. मारकंडीनं आधी डोळ्यांनी पाहिलं. मग मान वळवली. मग, मी आजपर्यंत न पाहिलेली गोष्ट, त्यानं हात पुढे केला. पूर्ण लांब. रीळ मिळेना. त्यानं अंग ताणलं, आणि तोंडातून एक आवाज काढला, "आं!" रागाचा. हक्काचा. वनितानं दचकून खाली पाहिलं, आणि त्या दचकण्यात तिची बोटं सैल झाली. पोरगा मांडीवरून घसरला, आणि दोन्ही तळहातांवर, तोंडावर, पोटावर, धप्पकन रेतीत.

मला वाटलं आता ती किंकाळी.

तो किंचाळला नाही. त्यानं मान उचलली. ओठांना रेती लागलेली. जीभ बाहेर काढून चव घेतली.

"रेती खाल्ली!" पुष्पा ओरडली. मैनाबाई म्हणाली, "खाऊ दे, परसाद व्हय," आणि तोंडाला पदर लावून हसली की रडली, मला कळलं नाही.

पाय मात्र कितीतरी दिवस आखडलेलेच. आधी पोट, मग गुडघे, मग कधीतरी टाचा. डॉक्टरीणबाईंनी दाखवलेले व्यायाम वनिता रोज करून घ्यायची. बाकी काम चिमीनं केलं. ती रोज येऊन त्याची रिळं चोरायची आणि हा रोज भांडायला तिच्यामागे सरकायचा. भांडता भांडता बोलूही लागला. पहिला शब्द आई नाही, बाबा नाही. "दे."

शिवरात्र आली. मैनाबाई म्हणाली, "बाई, चला. नवस फेडाले तुमी पायजे." मार्कंड्याला नेहमीसारखी गर्दी, नदीच्या पात्रात दुकानं, लाह्या, फुटाणे, कढईतली भजी. वनिता पोराला कमरेवर घेऊन पुढे, मी आणि मैनाबाई मागे. मैनाबाई वाकली, मूठभर रेती उचलली, बोटांतून सोडली.

"पाह्यली का बाई? ही मार्कंड्याची रेती. कशी जाडी हाये."

"मग?"

"अन आमच्या अंगणातली कशी होती? पिठावानी. आपल्याच घाटाची होती थे. रमेश इथपर्यंत आलाच नाई. उलट्या धारेनं एवढं ओझं कोण आणते?"

मी थांबलेच. "तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या दिवशी. चाळतानी. मासेवाल्याची बाई मी, मले घाटाघाटाची रेती नाई कळन का?"

"मग बोलला नाहीत?"

"काय बोलू? पोट्टा रांगाचा राह्यला होता." मग जरा थांबून म्हणाली, "रमेशले नोका सांगू. त्याले वाटते आई फसली."

देवळापुढे तिनं नारळ फोडला, आणि माफी मागितली की आभार मानले, ते ती आणि देव जाणे. वनितानं मारकंडीला खाली ठेवलं. आम्हाला वाटलं दोन पावलं टाकेल, आम्ही कौतुक करू. तो निघालाच. डुलत डुलत, दोन्ही हात वर, लाह्यांच्या दुकानाकडे. "दे! दे!" रमेश मागे, वनिता मागे, मी गुडघे धरून मागे.

"बाई," वनिता धापा टाकत ओरडली, "धरून ठेवाचं तं मले येत होतं! याच्या मागं धावाचं कसं, थे सांगा!"

तेवढ्यात तो पडला आणि ओरडला. वनिता धावत पोचली, उचललं, तळपाय वर केला. मीही पाहिला. काळा, खरखरीत, टाचेला भेग, आणि मधोमध गोखरूचा काटा रुतलेला. रक्ताचा एक थेंब. मण्यारीच्या दाताचा डाग दिसत नाही. हा दिसत होता.

मी मनात म्हटलं, संपलं, आता हे पोर घरापर्यंत खाली उतरत नाही.

तिनं नखानं काटा काढला. थुंकी लावून रक्त पुसलं. आजूबाजूची रेती तळहातानं झाडून पाहिली, नीट, सगळीकडून. आणि मग ते रडणारं पोर त्याच जागी खाली ठेवलं.